बदलांचा इतिहास

कुसामो नगरपालिकेच्या रस्ते विभागात
आम्ही सातजण एकाच पानात राहतो.
पान म्हणजे हिवाळ्याचं वेळापत्रक:
बर्फाचा कुठला नांगर, कुठल्या रस्त्यावर, किती वाजता.
प्रत्येकाला एकेक रंग मिळालाय, न मागता.
तेल्लेर्वो जांभळी, योनास हिरवा,
साहेब बाहेरगावाहून डोकावले की निनावी, राखाडी,
काठाकाठाने घुटमळतात, काही लिहीत नाहीत,
आणि आम्ही सगळे उगाच भराभर टंकायला लागतो.
मी केशरी.

पूर्वी फाईल मेलवरून गावभर फिरायची.
अंतिम. अंतिम-दोन. हीच खरी अंतिम.
त्या वर्षी शाळेचा रस्ता दोनदा साफ झाला
आणि दवाखान्याचा एकदाही नाही.
त्यापेक्षा हे बरं, असं नव्या माणसांना मीच सांगते.
बरंच आहे.
फक्त कधी मी वाक्य लिहीत असते
आणि योनास ते शेपटाकडून खात येतो.

तेल्लेर्वो माझ्या पाठीला पाठ लावून बसते.
तिच्या खुर्चीचं चाक कुरकुरतं ते मला ऐकू येतं.
तरी ती समासातून विचारते, "रेती संपली का?"
मी समासातच लिहिते, "संपली."
ती "सुटलं"वर टिचकी मारते.
प्रश्न सुटतो.
रेती येत नाही.

उर्हो पिवळा, उकडलेल्या बटाट्यासारखा.
चौतीस वर्षं चार नंबरचा नांगर.
एका बोटाने लिहितो, केबिनमधून, हातमोजा दातात धरून.
एकेक अक्षर येताना दिसतं,
आणि आपण श्वास रोखून बसतो
की आता जोडाक्षर येतंय, जमेल ना.

जानेवारीत, उणे एकतीस असताना,
चार नंबरची ओळ कुणीतरी हलवली होती.
कोणी, ते बघायला मी बदलांचा इतिहास उघडला.

४:१२. पिवळा. "मला हा रस्ता आता नको."
४:१३. पुसलं.
४:१५. "तळ्याच्या वळणावर नीट दिसत ना"
४:१५. पुसलं.
४:१९. "रस्ता चार: साफ."

शाळेत फळा पुसला की पुसला.
थोडी धूळ बाईंच्या बाहीवर, बस.
इथे पुसलेलंही जपून ठेवतात,
मिनिटासकट.

साहेबांना सांगावं, तर त्याचा परवाना जाईल.
न सांगावं, तर त्या वळणाखाली तळं आहे.
बाहेर अकरा वाजताही धड उजाडलं नव्हतं.
मी चार नंबर सिल्याला दिला,
उर्होला बाजारचौक दिला, दिवसपाळी, दिव्यांखालचा,
आणि समासात लिहिलं: तांत्रिक बदल.
कोणी काही विचारलं नाही.
तांत्रिक म्हटलं की कोणी विचारत नाही.

दुपारी पिवळी रेघ त्या चौकटीत आली.
लुकलुकत उभी राहिली, खूप वेळ.
मग "सुटलं".

घरी जाण्याआधी मी माझाच केशरी रंग
मागे मागे उकरत गेले.
तीन वर्षांपूर्वीच्या एका मार्चात,
रेतीच्या हिशेबाच्या मधोमध:
"तेल्लेर्वो, आई कशी आहे तुझी?"
दोन मिनिटांनी पुसलं.
का पुसलं, ते इतिहासात नाही.
तिने ते वाचलं का, तेही नाही.
मागे चाक कुरकुरलं.
मी पडदा मिटला.

गुरुवारी कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप असतं.
त्या एका रांगेत आम्ही तोंडाने बोलतो.
उर्हो माझ्यापुढे होता.
वाफेने त्याचा चष्मा पांढरा झाला,
जाड काचांचा, न पाहिलेला.
"नवा," तो म्हणाला,
आणि चाचपडत पळी माझ्या हातात दिली.